कुऱ्हाडीचा हिशेब

मराठीच्या वर्गात झाड येते ते बहुधा वाचवण्यासाठीच. तुकोबांचा वृक्षांना सोयरे मानणारा अभंग वनमहोत्सवाच्या फलकावर लागतो, ललित गद्याच्या घटकात 'पर्यावरणभान' नावाचा मुद्दा टिपेसाठी येतो, आणि निबंधस्पर्धेतला झाड तोडणारा माणूस हटकून लोभी किंवा अडाणी असतो. हे झाड कोणाचे, ते तोडायचे की राखायचे हे कोणी ठरवले, तोडले तर त्याची नोंद कोठे झाली आणि आलेला पैसा कोणाच्या हाती गेला, हे प्रश्न मात्र वाङ्मयबाह्य समजून बाजूला ठेवले जातात. आमचे म्हणणे असे की हे प्रश्न वाचनाचेच आहेत. ते टाळल्यामुळे जंगलासंबंधीचे काही महत्त्वाचे मजकूर आपण, म्हणजे मराठी शिकवणारे आणि शिकणारे, अर्धवट वाचत आलो आहोत. आणि या अर्धवट वाचनाचा लाभ, आपली तशी इच्छा नसली तरी, गावाला जंगलाच्या कारभारापासून दूर ठेवू पाहणाऱ्यांना होतो.

सर्वाधिक मिरवले जाणारे उदाहरण प्रथम घेऊ. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' एम.ए.च्या विद्यार्थ्याला प्राचीन गद्याच्या निमित्ताने भेटते. त्यातील झाडांविषयीचा परिच्छेद दर वर्षी ५ जूनला पर्यावरणप्रेमाचा पुरावा म्हणून फिरवला जातो. पण तो परिच्छेद आहे कोठे? आरमाराच्या प्रकरणात. तो लाकूड तोडण्याविषयी आहे. जहाजांना फळ्या लागतात, डोलकाठ्या लागतात. त्या कोठून आणाव्यात, हा तेथील प्रश्न. उत्तर तीन भागांत येते. अरण्यातील सागवानादी झाडे हुजुरास लिहून, हुजुराच्या परवानगीने तोडावीत. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेल्या आंब्या-फणसांना मात्र हात लावू नये; एखादे झाड फार जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, जबरदस्ती करू नये. म्हणजे हा मजकूर तोडीच्या नियमनाचा आहे. कोणते झाड, कोणाचे, कोणाच्या संमतीने, किती मोबदल्यात आणि कोणत्या लेखी परवानगीने, असे पाच प्रश्न त्यात आहेत. त्यातून फक्त 'झाडे तोडू नका' एवढेच वेचून घेणे म्हणजे खरेदीखतातली किंमत गाळून फक्त सदिच्छा वाचणे होय.

नीट वाचले तर या परिच्छेदातील एक उणीवही दिसते, आणि ती फार बोलकी आहे. अंगणातल्या फणसाला धनी आहे, त्याची राजीखुशी विचारायची आहे. अरण्यातल्या सागाला धनी एकच, हुजूर. त्या अरण्याच्या कडेला राहणाऱ्या गावाला कोणी काही विचारायचे नाही. इंग्रजी अंमलाने ही उणीव पक्की केली. १८७८ च्या वन कायद्याने आणि त्यामागून आलेल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने हुजुराची जागा खात्याला दिली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये नव्या जंगलखात्याचा समाचार घेतला, तो झाडांच्या शोकातून घेतलेला नाही. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी आणि गायराने खात्याच्या पोटात गेल्याने शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना रानचा वारा खाण्यापुरतीही जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार. त्यांचा सवाल हक्काचा होता. 'असूड' आपण सामाजिक आशयासाठी शिकवतो. जंगलाविषयीचा मजकूर म्हणून तो शिकवल्याचे आम्हाला आठवत नाही.

दुसरे अर्धवट वाचन 'चिपको'चे. झाडाला मिठी मारणारी बाई हे चित्र पाठ्यपुस्तकांमुळे आपल्या मनात कायमचे बसले आहे. पण १९७३ साली गढवालातल्या मंडल गावी भांडण सुरू झाले ते कशावरून? दशोली ग्राम स्वराज्य संघाला शेतीची अवजारे करण्यासाठी अंगूची काही झाडे हवी होती. खात्याने ती नाकारली, आणि तेच अंगू अलाहाबादच्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीला दिले. गावाला झाडे तोडायचीच होती. थोडी, ठरवून, जुवा-नांगरासाठी. गावाचा सवाल होता की आमच्या डोंगरावरचे झाड कोणाच्या कामी यावे हे ठरवणार कोण. पुढे १९७४ मध्ये रेणी येथे गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडांना आडव्या गेल्या, ते शौर्य खरेच. परंतु आपण मिठी लक्षात ठेवली आणि मागणीअर्ज विसरलो. मिठी मारणाऱ्या गावाचे कौतुक करणे सोपे असते. परवान्याची वही मागणाऱ्या गावाचे कौतुक करताना आपली जीभ अडखळते.

तिसरे अर्धवट वाचन आमच्या घरचे आहे. सुपे हे नगर-पुणे रस्त्यावरचे पारनेर तालुक्यातील गाव. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. येथून थोड्याच अंतरावर राळेगणसिद्धी, आणि नगर तालुक्यात हिवरे बाजार. या दोन गावांनी आमच्या जिल्ह्याला, आताच्या अहिल्यानगरला, देशभर नाव मिळवून दिले आणि मराठीला काही शब्द रूढ करून दिले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. उघड्याबोडक्या टेकड्यांच्या या अवर्षणप्रवण मुलखात ही बंदी गरजेची होती, तिने डोंगर हिरवे केले, याविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद 'बंदी' या शब्दाला गावाच्या शहाणपणाचे शेवटचे रूप मानण्याशी आहे. बंदी हा आणीबाणीचा उपाय आहे. झाड उगवेपर्यंत तो पुरतो. झाड वाढल्यावर प्रश्न सुरू होतात: वठलेले खोड कोणी न्यायचे, जळणाच्या फांद्या कोणाला किती, दाट झालेली रोपे विरळ करायची तर कोणती, आणि या डोंगरावर पूर्वी मेंढ्या आणणाऱ्याने आता कोठे जायचे. याच पारनेर तालुक्यात ढवळपुरीसारख्या गावांतून धनगरांचे वाडे वर्षानुवर्षे हिंडत आले आहेत. चराईबंदीचा ठराव ज्या सभेत होतो त्या सभेला वाट तुडवीत असलेला मेंढपाळ बहुधा हजर नसतो. बंदीचा खर्च बैठकीत नसलेल्यांच्या नावावर पडतो, आणि बंदीच्या गौरवगाथेत त्या खर्चाला रकाना नसतो.

शिवाय या गावांचे खरे वैशिष्ट्यही बंदीत नाही. हिवरे बाजारात दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: पाऊस किती पडला, विहिरींत किती आहे, त्यावर कोणते पीक घ्यायचे, हे गावासमोर वाचले जाते. म्हणजे हे गाव बंदीच्या पलीकडे हिशेबापर्यंत पोहोचले आहे. आपण मात्र गौरव करताना बंदीपाशीच थांबतो, कारण बंदीत त्याग आहे आणि त्यागावर भाषण चांगले होते. जाहीरपणे वाचलेला ताळेबंद ही मराठी गद्याची एक कामगिरी आहे, असे आपल्यापैकी कोणी अद्याप म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

पाण्याच्या ताळेबंदाप्रमाणे जंगलाचा ताळेबंद गावाने मांडला तर काय होते, हे पाहायचे तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात जावे लागते. मेंढा, म्हणजे मेंढा-लेखा, हे गोंडांचे लहानसे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावाची. ती घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यामागची वहिवाट कमी जणांना ठाऊक असते. निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करायचा. निर्णयापूर्वी अभ्यास गटात विषय उलगडून घ्यायचा. जंगलात बाहेरच्या कोणाला, मग तो ठेकेदार असो की खात्याचा माणूस, काम करायचे असेल तर ग्रामसभेला विचारायचे. जंगलाची राखण आळीपाळीने करायची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक २०१२ साली आले, आणि त्यात हा सगळा व्यवहार मराठीत नोंदला गेला.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याचे पूर्ण नाव 'अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम'. या कायद्याने गावाच्या परंपरागत सीमेतील जंगलाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मान्य केला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. आता गावाने बांबू तोडून विकायचे ठरवले. खाते म्हणाले, वाहतूक परवाना देता येत नाही, कारण बांबू हे लाकूड आहे.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने कान टवकारायला हवेत, कारण येथून पुढची लढाई एका शब्दाच्या अर्थाची आहे. १९२७ च्या अधिनियमात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत ताड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत यांचा समावेश होता. बांबू झाड ठरला की तोडलेला बांबू लाकूड ठरला, आणि लाकूड खात्याचे. वनस्पतिशास्त्रात बांबू तृणकुळातला आहे. २००६ च्या कायद्याने तर गौण वनोपजाची व्याख्या करताना बांबूचे नाव स्पष्टपणे घातले होते. म्हणजे एकाच बांबूला दोन कायद्यांत दोन जाती. कोणती व्याख्या चालायची यावर एका गावाचे पोट अवलंबून होते. जयराम रमेश तेव्हा केंद्रीय वनमंत्री होते. मार्च २०११ मध्ये त्यांनी बांबूला गौण वनोपज मानावे असे मुख्यमंत्र्यांना कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आणला. २०१७ मध्ये १९२७ च्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्दच वगळण्यात आला.

या घटनेचे चिन्ह कोणते? मिठी नाही, रोपटेही नाही. कोऱ्या पावत्यांचे एक पुस्तक. त्यावर कोणी सही करायची याचा तो निकाल होता. इतकी वर्षे ज्या गावाला जंगलात जाताना कागद दाखवावा लागत असे, ते गाव आता कागद देणारे झाले. साक्षरतेचा याहून मोठा प्रसंग अलीकडच्या मराठी मुलखात घडल्याचे आम्हाला माहीत नाही. आणि तो आपल्या कोणत्याही अभ्यासपत्रिकेत नाही.

बांबूविषयी आणखी एक गोष्ट आपल्या व्यवसायाने विसरू नये. गडचिरोली-चंद्रपूरचा बांबू दीर्घकाळ बल्लारपूरच्या कागदगिरणीकडे जात राहिला, तो सरकारशी झालेल्या करारांनी, अल्प दरात. १९९० च्या दशकात मेंढ्याने या तोडीला विरोध केला होता. बांबूचा कागद झाला, कागदाच्या वह्या झाल्या, पुस्तके झाली, परीक्षेच्या उत्तरपत्रिका झाल्या. ज्या कागदावर आपण निसर्गकविता छापली त्या कागदाच्या तोडीत कोणत्या गावाची संमती होती, हे आपण कधी विचारले नाही. जंगल हा आपल्या वाङ्मयाचा विषय होण्यापूर्वी त्याचा कच्चा माल होता. तेव्हा 'या गोष्टींचा साहित्याशी काय संबंध' असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर एवढेच, की संबंध पहिल्या पानापासून आहे; हातात धरलेल्या पानापासून.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जुना आहे: गावाच्या हाती कुऱ्हाड दिली तर गाव जंगल संपवील. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक मालमत्तेची शोकांतिका मांडली तेव्हापासून हा आक्षेप शास्त्राचे कपडे घालून येतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरातील उदाहरणांवरून दाखवले, की सामाईक संपत्ती दीर्घकाळ टिकते ती जेथे नियम वापरणाऱ्यांनी केलेले असतात आणि देखरेखही त्यांचीच किंवा त्यांना जबाबदार असलेल्यांची असते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मेक्सिकोतील ओआहाका प्रांताची कथा तर मेंढ्याची जुळी बहीण शोभावी. सिएरा नोर्ते या डोंगराळ भागातील गावांचे जंगल १९५६ मध्ये तुश्तेपेकच्या कागदगिरणीला २५ वर्षांच्या मक्त्याने दिले गेले. मक्ता संपत आला तेव्हा गावांनी १९८० मध्ये संघटना उभारली आणि नूतनीकरणाला विरोध केला. १९८६ च्या वन कायद्याने मक्त्यांची पद्धत संपली. आज इश्तलानसारख्या गावांत जंगल गावाचे, सॉ मिल गावाची, आणि तोडीवर नजर ठेवणारे देखरेख मंडळ गावाच्या सभेने निवडलेले. तेथे कुऱ्हाडबंदी नाही. तेथे कुऱ्हाड चालते आणि जंगल उभे आहे, कारण कुऱ्हाडीमागे वही चालते.

याची उलट बाजूही महाराष्ट्रातच दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्त्याचे उत्पन्न हातचे होते. ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले, कारण पाल्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, आणि फळे देणारे झाड खुरटते. हा नकार आणि वरून आलेली बंदी दिसायला सारखे, अर्थाने वेगळे. तोडण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याचेच न तोडणे हा निर्णय असतो. ज्याला हक्कच नाही त्याचे न तोडणे ही फक्त आज्ञाधारकता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ग्रामसभा म्हणजे काही संतमंडळी नव्हेत. ठेकेदार तेथेही शिरतात, पैसे थकवतात, दोन-चार वजनदार घरांशी सलगी करून सह्या मिळवतात. बायका मागच्या बाजूला बसतात आणि ठराव त्यांच्या नावानेही लिहिला जातो. हे सगळे खरे आहे, आणि नेमके याचसाठी आम्ही 'देखरेख' या शब्दावर अडून बसलो आहोत. गावाचा गौरव करणाऱ्यांना देखरेखीची गरज वाटत नाही, कारण त्यांचे गाव निरागस असते. गावाची निर्भर्त्सना करणाऱ्यांनाही ती वाटत नाही, कारण त्यांच्या मते गाव अपात्रच असते. ज्याला गाव हे माणसांचे वाटते तोच विचारतो की बांबूच्या बंडलांची मोजणी कोणी केली, डेपोवर किती पोहोचले, नोंदवहीतला आकडा आणि बँकेतला आकडा जुळतो का, आणि हे आकडे सभेत मोठ्याने वाचून दाखवले का. मेंढ्याने सर्वसहमतीचा आणि अभ्यास गटाचा आग्रह धरला तो काही साधुत्वामुळे नाही. बहुमताने घेतलेला निर्णय जंगलात रात्री मोडता येतो, हे त्यांना कळले होते, असे आम्ही समजतो.

तिसरा आक्षेप आमच्या मांडणीच्या मुळावर येतो. ठराव, नोंद, वही यांनी खरोखर काही थांबते का? एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिज खाणींना परिसरातील अनेक ग्रामसभांनी ठराव करून विरोध नोंदवला. खाण चालू झाली आणि विस्तारलीही. २००६ च्या कायद्यातही इमारती लाकूड गौण वनोपजात येत नाही, म्हणजे गाव सागाची राखण करू शकते, साग विकू शकत नाही. वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले; मिश्र जंगल तोडून साग लावण्याच्या त्याच्या कामाला गडचिरोलीतील काही गावांनी विरोध केला, तो याच अपुऱ्या हक्काच्या जागी उभे राहून. शिवाय हक्क म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. 'गावाचे जंगल' या शब्दप्रयोगात कायद्याने दिले त्याहून अधिक आपण बोलतो. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी तर केंद्राची मंजुरी आधी आणि ग्रामसभेच्या संमतीचा विचार नंतर, राज्याच्या पातळीवर, असा क्रम आणला. हे सारे मान्य करूनही आमचे म्हणणे बदलत नाही. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइटविषयी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला, आणि तो नकार टिकला, कारण तो नोंदला गेला होता. नोंद जिंकतेच असे नाही. पण नोंद नसलेले गाव हरले हेही सिद्ध करता येत नाही. ते मुळात तेथे नव्हतेच, असे सरकारी टिपणीत लिहिता येते.

आता आपल्या वाङ्मयाकडे. मराठीतील अरण्यलेखन समृद्ध आहे, हे आम्ही नाकारत नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' असो की मारुती चितमपल्लींची ग्रंथसंपदा, त्यांनी मराठी गद्याला डोळे आणि कान दिले. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद चितमपल्लींना मिळाले तेव्हा तो या लेखनाचाही सन्मान होता. परंतु एक साधी गोष्ट नमूद करायला हवी. चितमपल्ली वनाधिकारी होते. माडगूळकर अभयारण्यात मुक्कामाला गेलेले रसिक होते. हे लेखन खात्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यातून दिसणारे जंगल दाखवते. त्यात पक्षी आहेत, गंध आहेत, आदिवासी वाटाडे आणि त्यांचे ज्ञानही आहे. पण परवाना देणारा-घेणारा हा संबंध त्यात क्वचितच प्रश्न होऊन उभा राहतो. दोष लेखकांचा नाही. त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. दोष आपला, की या एका कोनाला आपण 'निसर्गलेखन' असे पूर्ण नाव दिले आणि मेंढ्याची गोष्ट सांगणारे पुस्तक 'समाजकार्यविषयक' म्हणून ग्रंथालयाच्या दुसऱ्या कपाटात ठेवले.

यावर उपाय म्हणून आणखी एक चर्चासत्र भरवावे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. 'आज्ञापत्रा'तील परिच्छेद शिकवायचा तर आरमाराच्या प्रकरणासकट शिकवावा. 'असूड'मधील जंगलखात्यावरचा मजकूर निसर्गविषयक गद्याच्या घटकात घ्यावा. 'गोष्ट मेंढा गावाची' गद्याच्या अभ्यासपत्रिकेत यावे. आणि उपयोजित मराठीच्या नावाखाली जाहिरात व मुलाखत शिकवतो त्याबरोबर ग्रामसभेचे इतिवृत्त, ठराव आणि वाहतूक परवाना हे लेखनप्रकार शिकवावेत. 'गौण वनोपज', 'निस्तार', 'कूप', 'पातन', 'विनियमन' असल्या शब्दांनी भरलेला शासननिर्णय सोप्या मराठीत मांडता येणे ही एम.ए.च्या विद्यार्थ्याची कसोटी का असू नये? आमच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे पेसा आणि वनहक्क दोन्ही कायदे लागू आहेत. आणि २००६ च्या कायद्यातील 'इतर पारंपरिक वननिवासी' ही संज्ञा, तसेच स्थलांतरी पशुपालकांच्या चराईहक्काचा उल्लेख, पारनेरच्या मेंढपाळालाही परका नाही. तीन पिढ्यांचे वास्तव्य आणि वनावरील अवलंबन दाखवण्याची अट मात्र त्याला कागदांनिशी पूर्ण करावी लागते. ती अट वाचून, समजून, त्याच्या भाषेत सांगू शकेल असा पदवीधर आपण तयार करतो का?

भाषा हे गावाच्या हातातले अवजार आहे असे आपण प्रास्ताविकात नेहमी म्हणतो. ते अवजार खरोखर हाती गेले की जे घडते ते नेहमीच मनोहर नसते. त्यात आकडेमोड असते, भांडण असते, थकलेल्या बाकीची यादी असते, आणि कधी कधी 'या वर्षी पूर्वेकडच्या भागातला बांबू तोडावा, पश्चिमेकडचा राखावा' असा रूक्ष ठराव असतो. त्या रूक्ष वाक्यात कोणते झाड, कोणाचे, कोणाच्या संमतीने, हे तीनही प्रश्न आलेले असतात. आपल्या पाठ्यक्रमातील कितीशी वाक्ये हे करू शकतात, याचा हिशेब आता आपणच मांडायला हवा.